सी मध्ये बेस६४ : विषयाच्या ओळीत 'आहे'चं 'आह' होतंय

जुना_टंकलेखक

नमस्कार मंडळी,

निवृत्तीनंतर मी आमच्या गावच्या वाचनालयाचा बिनपगारी संगणकवाला आहे. सभासद, देवघेव, वर्गणी असं सगळं सांभाळणारा प्रोग्रॅम मीच १९९८ साली सी मध्ये लिहिला. तेव्हा तो डॉसवर होता, आता लिनक्सवर चालतो. ग्रंथपाल बाईंचं म्हणणं असं की मुदत संपायच्या दोन दिवस आधी सभासदाला मेल जावी, आणि ती मराठीतच जावी. आतला मजकूर व्यवस्थित जातोय. घोडं अडलंय ते विषयाच्या ओळीवर.

विषय असा आहे : पुस्तक परत करण्याची मुदत संपत आली आहे

हेडरमध्ये देवनागरी तशीच टाकायची नसते, बेस६४ करून, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षर-आकड्यांत बदलून, टाकायची, एवढं कळलं. ते करून देणारी ओपनएसएसएल ही लायब्ररी मशीनवर होतीच. मधली फाइल नको, सगळं मेमरीतच उरकू म्हटलं. बेस६४चा बायो (त्या लायब्ररीतला डेटा वाहून नेणारा नळ म्हणा) घेतला, त्याच्या खाली मेमरीचा बायो, बायो_पुशने दोघांना जोडलं, बायो_राइटने मजकूर आत ढकलला, बायो_गेट_मेम_पीटीआरने बफर हातात घेतला आणि %एस लावून छापला. (फंक्शनची नावं देवनागरीत लिहितोय, इथे दुसरं काही टंकायची सोय नाही. मॅन पेज उघडताना मनातल्या मनात उलटं करा.)

आता रडगाणं. जे निघालं ते उलटं फिरवून बघितलं तर शेवटचा शब्द 'आहे' न येता 'आह' येतो. कधी कधी बेस६४ संपल्यावर पुढे भलतीच चिन्हं लटकलेली असतात; दर वेळी नाही, म्हणून जास्त चीड येते. आणि मधेच ओळ तुटते, त्यामुळे विषयाचा अर्धा भाग मेलच्या मजकुरावर जाऊन बसतो.

दोन रात्री घालवल्या. आता 'आह' माझ्याच तोंडून निघतंय.

चहाबिस्किट

काका, पायथनमध्ये हे दोन ओळींचं काम आहे. सी कशाला?

जुना_टंकलेखक

पायथनशी माझं वैर नाही. पण बाकीचे नऊ हजार ओळींचे लचांड सी मध्ये आहे, आणि माझ्यानंतर ते बघणारा मुलगा पॉलिटेक्निकमध्ये सी शिकतोय. दोन ओळींसाठी दुसरं बिऱ्हाड थाटायचं नाही.

नलपॉइंटर

काका, तुमच्या तीन तक्रारी म्हणजे तीन वेगळे रोग आहेत, पण पेशंट एकच असल्यामुळे गोंधळ झालाय.

'आह'चं आधी. तुमचा विषय मोजला. जागा धरून ९९ बाइट होतात. बेस६४चा बायो सवयीने ६४ अक्षरांची ओळ पाडतो, आणि ६४ अक्षरं म्हणजे आतले ४८ बाइट. ४८ भरले की तो एक ओळ बाहेर टाकतो, नाही भरले तर स्वतःजवळ दाबून धरतो, कारण अजून येईल असं त्याला वाटतं. ४८ अधिक ४८ म्हणजे ९६. उरले ३ बाइट. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे यूनिकोड बाइटांत लिहायच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, मात्रासुद्धा. म्हणजे तुमची शेवटची एक मात्रा, 'हे'वरची, बायोच्या पोटात राहिली. बायो_राइटनंतर बायो_फ्लश मारा, बाहेर येईल.

कचरा : मेमरी बायोचा बफर म्हणजे सी ची स्ट्रिंग नव्हे. त्याच्या शेवटी शून्य बाइट असेलच असं नाही. पुढची जागा योगायोगाने शून्य असली तर %एस गप्प बसतो, नसली तर पुढे जे सापडेल ते छापत सुटतो. म्हणून 'कधी कधी'. त्या बफरच्या स्ट्रक्चरमध्ये डेटा आणि लेंग्थ अशी दोन खाती आहेत. लेंग्थ वापरा. एफराइट किंवा %.*एस.

तुटणारी ओळ : बायो_फ्लॅग्ज_बेस६४_नो_एनएल हा फ्लॅग लावा. बेस६४च्या बायोला लावायचा बरं का, मेमरीच्या नाही. मी एकदा उलट्याला लावून अख्खी दुपार घालवली आहे, तो चुपचाप काहीच करत नाही.

एक गंमत. हा फ्लॅग लावल्यावर तो ४८ची वाट बघत नाही, फक्त तीनच्या गटातले उरलेले १ किंवा २ बाइट धरून ठेवतो. तुमचे ९९ तीनने भागले जातात, म्हणजे फ्लश विसरलात तरी हा विषय बरोबर येईल आणि तुम्ही खूश व्हाल. मग एखाद्या विषयात एक स्पेस वाढेल आणि शेपूट पुन्हा तुटेल. तेव्हा फ्लश घालाच.

खडूस_कंपायलर

पण बायो हवाच कशाला? पाणी एका तांब्यात आहे आणि तुम्ही नळजोडणी करताय.

ईव्हीपी_एन्कोडब्लॉक. एक कॉल. आत बफर, बाहेर बफर, ओळी पाडत नाही, शेवटी शून्य बाइट स्वतः घालतो, आणि तो शून्य बाइट न मोजता लांबी परत देतो. जागा किती घ्यायची : ४ * ((एन + २) / ३) + १. तो शेवटचा १ विसरू नका. ९९ बाइटांना १३२ अक्षरं होतात, पण तुम्ही १३२ घेतलेत तर शून्य बाइट शेजाऱ्याच्या अंगणात पडतो. एका बाइटने काही होत नाही असं वाटतं. होतं, आणि तीन महिन्यांनी होतं. एफसॅनिटाइझ=अॅड्रेस लावून कंपाइल करा, तिथल्या तिथे बोंब मारेल.

नलपॉइंटर

सगळा मजकूर हातात असेल तर हे मान्य. मजकूर तुकड्या-तुकड्यांनी येत असेल, सॉकेटवरून वगैरे, तर एन्कोडब्लॉक दर वेळी शेवटी बरोबरच्या खुणा घालेल आणि मधेच '=' आलेलं बेस६४ भल्याभल्यांना पचत नाही. तुकडे तीनच्या पटीत ठेवले तरच चालतं. तिथे बायोची नळजोडणीच बरी.

काका, बायोवालाच मार्ग ठेवणार असाल तर बायो_फ्री_ऑल केल्यावर तो बफरही जातो हे लक्षात ठेवा. आधी कॉपी घ्या, मग मोकळं करा.

खडूस_कंपायलर

आणि उलटं तपासायला ईव्हीपी_डीकोडब्लॉक वापरलात तर तो '='च्या जागी शून्य बाइट भरतो आणि ते लांबीतही धरतो. २९ बाइट आत घातले तर ३० परत येतात. हे बघून 'माझं एन्कोडिंग चुकलं' म्हणत धागा काढू नका.

जुना_टंकलेखक

एन्कोडब्लॉक केलं. 'आहे' पूर्ण झालं, कचरा गेला, ओळ तुटत नाही. दोघांनाही आमच्याकडची काजूकतली.

पण सुख फार वेळ टिकलं नाही. माझ्या फोनवर विषय छान मराठीत दिसतो. चिटणीसांच्या कार्यालयातल्या जुन्या मेल प्रोग्रॅममध्ये मात्र अशी काहीतरी अगम्य रांग दिसते : बरोबरचं चिन्ह, प्रश्नचिन्ह, यूटीएफ-८, मग ४केएस, ४केडब्ल्यू, पुन्हा ४केएस... चिटणीस विचारतात, "हा कुठला पुस्तक क्रमांक?"

वेलांटी

चिटणीसांना सांगा, ती मराठीच आहे, बुरखा घालून आलेली.

मी मेल सर्व्हर सांभाळते, ही ४केएस मंडळी माझ्या रोजच्या ओळखीची. देवनागरीचा यूनिकोडमधला पट्टा ०९०० ते ०९७एफ (हे हेक्स, म्हणजे सोळाच्या पायावरचे आकडे). यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाचा पहिला बाइट ई०, दुसरा ए४ किंवा ए५. तीन बाइट म्हणजे २४ बिट, त्यांचे सहा-सहाचे चार गट पाडले की पहिली दोन अक्षरं कायम ४ आणि के येतात, तिसरं एस किंवा डब्ल्यू, आणि खरं अक्षर कोणतं ते चौथ्यात कळतं. 'म' म्हणजे ४केएस आणि धाकटा यू. 'प' म्हणजे ४केएस आणि धाकटा क्यू. तुमच्या विषयात 'पुस्तक' हा शब्द असा वाचता येईल, मग स्पेस येते. ती एकच बाइटची, त्यामुळे पुढची सगळी गाडी एका बाइटने सरकते आणि नमुना बदलतो. तीन स्पेस झाल्या की 'मुदत'पाशी गाडी पुन्हा रुळावर, पुन्हा ४केएस. तपासून बघा.

आता तुमचा खरा घोटाळा. १९९६च्या आरएफसी २०४७ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांची पत्रकं) स्पष्ट आहे की असा एक बुरखाधारी शब्द, आगचं-मागचं सगळं धरून, ७५ अक्षरांपेक्षा मोठा नको. तुम्ही आगचं-मागचं धरून १४४ अक्षरांचा एकच दिलाय. फोनवरचे प्रोग्रॅम सोशिक आहेत, चालवून घेतात. जुना प्रोग्रॅम नियमाला धरून आहे : मोठा दिसला की उलगडत नाही, तसाच दाखवतो. चूक त्याची नाही.

तेव्हा तुकडे करा. तुकड्यांमध्ये ओळ मोडून पुढची ओळ एका स्पेसने सुरू करायची. वाचणारा ती मधली जागा गिळून तुकडे सलग जोडतो.

खडूस_कंपायलर

हिशेब सोपा आहे. सुरुवातीची खूण १० अक्षरं, शेवटची २. ७५ मधून १२ गेले, ६३ उरले. चारच्या पटीत ६०. ६० अक्षरं म्हणजे ४५ बाइट. ४५ म्हणजे बरोब्बर १५ देवनागरी चिन्हं. देवनागरीला हा नियम अगदी मापात बसतो. दर ४५ बाइटला कापा, झालं.

चहाबिस्किट

बेस६४ऐवजी तो क्यू प्रकार असतो ना, प्रत्येक बाइटचं बरोबर-अमुक-तमुक? तो वाचायला सोपा असतो म्हणतात.

वेलांटी

फ्रेंच, जर्मनला सोपा. शब्दात एखादंच वेगळं अक्षर असतं, बाकी जसंच्या तसं राहतं. आपल्या प्रत्येक चिन्हाला त्यात ९ अक्षरं लागतात, बेस६४ मध्ये ४. एका तुकड्यात ७ चिन्हं मावतील. 'ग्रंथपाल' लिहिलं की पाटी भरली (ग, पाय मोडायचं चिन्ह, र, अनुस्वार, थ, प, काना इथेच सात, 'ल' बाहेर उभा).

जिस्टकार्डवाला

हे वाचून जुने दिवस आठवले. इस्कीमध्ये, म्हणजे भारतीय लिप्यांच्या जुन्या मानकात, आयएस १३१९४ : १९९१ मध्ये, 'म' एका बाइटचा होता. यूटीएफ-८ने त्याचे तीन केले, बेस६४ने चार. आम्ही सी-डॅकचं जिस्ट कार्ड लावून चार ओळी मराठी पडद्यावर आणली की ऑफिसातले शिपाईसुद्धा बघायला यायचे. पण ती फाइल शेजारच्या मशीनवर नेली की राम राम. चार तर चार, जगात कुठेही उघडतंय. तक्रार नाही, नोंद करतोय.

जुना_टंकलेखक

खडूसराव, ४५-४५ चे तुकडे केले. चिटणीसांकडे मराठी उमटली! पण 'करण्याची'च्या पोटात तीन काळे चौकोन आणि त्यात प्रश्नचिन्हं. 'करण्य', मग चौकोन, मग 'ची'. गंमत म्हणजे तुकडे तीन आहेत, जोड दोन आहेत, पण फुटलाय फक्त पहिलाच जोड. दुसरा अगदी साफ. १५ चिन्हं बरोब्बर मावतात म्हणालात ना?

खडूस_कंपायलर

फ्लश केलंत का?

जुना_टंकलेखक

एन्कोडब्लॉकला कसलं फ्लश? तुम्हीच दिलात.

वेलांटी

खडूसराव, स्पेस विसरलात.

मोजा काका. 'पुस्तक' सहा चिन्हं (प, उकार, स, पाय मोडायचं चिन्ह, त, क), १८ बाइट. स्पेस, १९. 'परत' ९, झाले २८. स्पेस, २९. आता ४५ पर्यंत १६ बाइट शिल्लक. क, र, ण, पाय मोडायचं चिन्ह, य, ही पाच १५ बाइट घेतात. उरला १. त्या एका बाइटात 'ण्या'च्या कान्याचा पहिला बाइट बसला आणि उरलेले दोन पुढच्या तुकड्यात गेले. काना चिरला. पहिल्या तुकड्याच्या शेवटी एक चौकोन, दुसऱ्याच्या सुरुवातीला दोन, मिळून तुमचे तीन.

दुसरा जोड ९० बाइटांवर येतो. तिथे 'आली'नंतरची स्पेस नेमकी संपते. नशीब, बाकी काही नाही. उद्या विषयात सभासदाचं नाव घातलंत की तोही फुटेल.

१५ चिन्हांचा हिशेब फक्त न थांबता लिहिलेल्या देवनागरीला लागू. माणसं शब्दांत जागा सोडतात. आरएफसीमध्येही लिहिलंय, प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे उलगडता आला पाहिजे, एक चिन्ह दोन तुकड्यांत विभागायचं नाही. लायब्ररी यात काही करू शकत नाही. तिला फक्त बाइट दिसतात, काना-मात्रा नाही. ते बघणं आपलं काम.

खडूस_कंपायलर

मान्य. माझा हिशेब ब्रह्मसूत्रासारखा, जागा न सोडता, चालला होता. दुरुस्ती देतो.

४५ वर जा. पुढच्या तुकड्याचा जो पहिला बाइट होणार आहे तो बघा. त्याला हेक्स सी० ने अँड (बिटाला बिट लावून) करून उत्तर हेक्स ८० आलं तर तो एखाद्या चिन्हाचा मधला बाइट आहे, एक पाऊल मागे या. असं येणं थांबेपर्यंत मागे या. तुमच्या विषयात एकच पाऊल, ४४ वर थांबाल.

नलपॉइंटर

त्यावर एक पुरवणी. ४४ वर कापलं तर नियमाने बरोबर, पण 'य' एकीकडे आणि काना दुसरीकडे. एखादा प्रोग्रॅम तुकडे वेगवेगळे रंगवत असेल तर कान्याआधी ते ठिपक्यांचं वर्तुळ दिसेल. त्यापेक्षा आणखी मागे जाऊन मागच्या स्पेसपर्यंत या आणि ती स्पेस आधीच्या तुकड्याच्या पोटात ठेवा. पोटातच, कारण तुकड्यांमधली बाहेरची जागा गिळली जाते, मग 'परतकरण्याची' होईल. एकही स्पेस सापडली नाही तरच ४४.

तुमचा विषय असा पडेल : 'पुस्तक परत ' २९ बाइट, 'करण्याची मुदत ' ३८, 'संपत आली आहे' ३२. बेरीज ९९. तुकडे तीनच राहिले, म्हणजे महाग पडलं नाही.

हे सगळं जोडायला ओपन_मेमस्ट्रीम बघा. मेमरीतच वाढत जाणारी फाइल मिळते, एफप्रिंटएफ करत जायचं, जागेचा हिशेब तोच ठेवतो आणि शेवटी शून्य बाइटही घालतो. फक्त पॉइंटर हातात घ्यायच्या आधी एफफ्लश किंवा एफक्लोज करायचं. पुन्हा तीच फ्लशची कथा.

वेलांटी

आणि पहिल्या तुकड्याला आणखी कमी जागा असते, हे सगळेच विसरतात. असा शब्द असलेली ओळ ७६ च्या आत हवी, आणि पहिल्या ओळीत 'सब्जेक्ट', कोलन आणि स्पेस यांनी ९ अक्षरं आधीच खाल्लेली असतात. तिथे ३९ बाइटच धरा. तुमचा पहिला तुकडा २९चा आहे, सुटलात.

चहाबिस्किट

इतकं सगळं करण्यापेक्षा थेट यूटीएफ-८ नाही का पाठवता येत? २०२० नंतरच्या जगात राहतोय आपण.

वेलांटी

येतं. २०१२च्या आरएफसी ६५३१ पासून सोय आहे. पण वाटेतल्या प्रत्येक सर्व्हरने 'मला चालतं' म्हणायला हवं. चिटणीसांचा प्रोग्रॅम ७५ अक्षरांवर अडतो, तो हे काय म्हणणार.

जुना_टंकलेखक

उशिरा उत्तर देतोय, मधे वीज नव्हती.

मागे येण्याचा लूप पहिल्यांदा चाललाच नाही. मी शहाणपणा करून अँडऐवजी 'बाइट ८० पेक्षा मोठा की नाही' असं तपासलं होतं. अट कधी खरीच होईना. मग ट्यूब पेटली : या मशीनवर सी मधला साधा 'चार' (अक्षर साठवायचा प्रकार, आकडा नव्हे) साइन्ड, म्हणजे ऋण किंमतही घेणारा आहे, देवनागरीचे सगळे बाइट त्याला ऋण दिसतात. अनसाइन्ड केलं आणि खडूसरावांची अँडवाली अटही घातली. सॅनिटायझर लावून १३ वेगवेगळे विषय फिरवले, त्यात मुद्दाम एक स्पेस नसलेला 'वाचनालयवर्गणीभरण्याचीशेवटचीतारीख' असा राक्षसही घातला. सगळे शाबूत परत आले. चिटणीसांकडे विषय मराठीत, चौकोनाशिवाय.

आता शेवटचं. पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी 'सार्वजनिक वाचनालय' यावं म्हणून तेच फंक्शन तिथेही लावलं. तिथे मात्र सगळीकडे ४केएस दिसतंय, माझ्या फोनवरसुद्धा. कोड तोच आहे!

नलपॉइंटर

नावाभोवती दुहेरी अवतरणचिन्हं ठेवलीत का?

जुना_टंकलेखक

हो. इंग्रजी नाव असताना होती, तशीच ठेवली.

वेलांटी

अवतरणचिन्हांच्या आत बुरखा उघडायचा नाही असा नियम आहे, म्हणून फोनही उघडत नाही. काढा ती.

जुना_टंकलेखक

काढली. आलं.

ग्रंथपाल बाई विचारतायत की उशीर झालेल्यांना हाच विषय लाल रंगात पाठवता येईल का. त्यांना काय सांगू?